ठोकळ हिशेबाची बाजू

२०२५ च्या ऑक्टोबरअखेर जेईई मेनची माहितीपुस्तिका निघाली आणि परीक्षेच्या पडद्यावर साधा कॅलक्युलेटर मिळेल असा उल्लेख तीत सापडला. थोड्याच दिवसांत ही परीक्षा घेणाऱ्या एनटीएने खुलासा केला की उल्लेख चुकीने राहिला, कॅलक्युलेटर मिळणार नाही. बातमी तेवढ्यावर संपली, पण आमच्याकडे विषय संपला नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा, आमगाव, देवरी या पट्ट्यात अकरावी-बारावीला विज्ञान शिकवणाऱ्या आम्हा लोकांच्या बोलण्यात पुढे बरेच दिवस तोच विषय होता. मग एका पालकसभेत माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो उघडपणे मांडला.

त्यांचे म्हणणे असे. आपल्या पोरांना विज्ञान येते, सूत्र कुठले लावायचे तेही कळते. ती अडतात गुणाकार-भागाकारात. नागपूरच्या क्लासमधल्या मुलांना झटपट रीती शिकवल्या जातात, आपल्या मुलांना कोण शिकवणार? आज घरोघरी मोबाईल आहे. डॉक्टर झाल्यावर कोणी कागदावर भागाकार करत बसत नाही. मग वैद्यकीय प्रवेशाच्या नीटमध्ये आणि राज्याच्या सीईटीत कॅलक्युलेटरची बंदी कशासाठी? ती काढा, म्हणजे खेड्यातला आणि शहरातला मुलगा एका रेषेवर येईल.

सभेत टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारे बहुतेक आईबाप धान पिकवणारे होते, आणि मुलांच्या काळजीनेच ते वाजवत होते. माझ्या सहकाऱ्यांबद्दल मला आदर आहे. तीस वर्षे त्यांनी याच भागात काढली, शहरात बदली मागितली नाही. तरीही त्यांचे म्हणणे मला मुळातून चुकीचे वाटते. ते मान्य झाले तर सर्वांत जास्त नुकसान आपल्याच मुलांचे होईल.

आधी माझ्या प्रयोगशाळेतली एक गोष्ट सांगतो. साध्या लंबकाचा प्रयोग होता. लंबकाची लांबी एक मीटर, वीस आंदोलनांना चाळीस सेकंद, म्हणजे एका आंदोलनाला दोन सेकंद. एका मुलाने मोबाईलवर आकडेमोड केली आणि वहीत गुरुत्वीय त्वरण लिहिले ९८.७. मी विचारले, हे बरोबर वाटते का? तो म्हणाला, "मोबाईलवर केलं सर, बरोबरच असंल." त्याने १.० च्या जागी १० दाबले होते, टिंब उमटले नव्हते. मुलगा हुशार होता, सूत्रही त्याने बरोबर लावले होते. पण पृथ्वीवरचे त्वरण दहापट झाले तरी त्याला कुठे खटकले नाही.

हाच मुलगा दिवाळीनंतर वडिलांबरोबर धान खरेदी केंद्रावर जातो. चाळीस किलोचा कट्टा, असे १८ कट्टे, म्हणजे ७ क्विंटल २० किलो. २०२५-२६ च्या खरिपाचा साधारण धानाचा हमीभाव २,३६९ रुपये. त्याला कागद लागत नाही. सात दुणे चौदा, सात चोक अठ्ठावीस, म्हणजे २,४०० च्या भावाने १६,८००. वरच्या वीस किलोचे ४८०. भाव २,४०० ला थोडा कमी आहे म्हणून दोनशे-सव्वादोनशे वजा. सतरा हजारांच्या किंचित वर. पावतीवर १७,०५६ आले तर तो खिशात घालतो. १,७०,५६८ आले तर तिथल्या तिथे ओरडतो. धानाच्या पैशात दहापटीची चूक ज्याला क्षणात दिसते, त्याला लंबकाच्या उत्तरात तीच चूक दिसत नाही. हा फरक कॅलक्युलेटर नसल्यामुळे पडलेला नाही. काट्यावर तो आधी अदमास बांधतो आणि मग आकडा पाहतो. वर्गात आम्ही त्याला अदमास बांधू दिला नाही.

तेंदूपत्त्याच्या हंगामातही हेच. सत्तर पानांचे एक पुडके आणि हजार पुडक्यांची एक मानक गोणी, हे गणित जंगलकाठच्या गावातल्या दहा वर्षांच्या मुलीला तोंडी येते. आज दोनशे पुडकी झाली म्हणजे गोणीचा पाचवा हिस्सा, चौदा हजार पाने. अशी मुलगी अकरावीत आली की दोन महिन्यांत ५ ला ०.२ ने भागण्यासाठीही कागद ओढते. मध्ये काय झाले याचे उत्तर आम्हा शिक्षकांकडे आहे, आणि ते देणे मला टाळायचे नाही.

मध्ये लॉग टेबल आले. राज्य मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेवर सूचना छापलेली असते: लॉग टेबल वापरायला परवानगी, कॅलक्युलेटरला नाही. त्या एका ओळीपायी आमची दोन वर्षे जातात. कॅरॅक्टरिस्टिक, मँटिसा, मीन डिफरन्स, मग अँटिलॉग. तीन संख्यांच्या गुणाकाराला चार-पाच मिनिटे, आणि उत्तर चार अंकी आले नाही तर आम्ही अर्धा गुण कापतो. प्रश्नातली माहिती दोनच अंकांची असली तरी. अकरावीच्या पहिल्याच धड्यात सार्थक अंक शिकवायचे आणि महिन्याभरात आपणच ते विसरायचे, असे चालले आहे. मीही वर्षानुवर्षे हेच केले. मग बोर्डाची परीक्षा संपते आणि काही आठवड्यांत तेच मूल सीईटीला बसते. तिथे लॉग टेबल नाही. भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. चार मिनिटांची सवय लावलेल्या मुलाला आम्ही ५४ सेकंदांच्या परीक्षेत उतरवतो, आणि ते अडले की परीक्षेला दोष देतो.

माझे सहकारी म्हणतात की मुले गुणाकारात अडतात. मी त्यांच्याच एका पेपरातून उदाहरण घेतो. ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशकणाची ऊर्जा किती इलेक्ट्रॉन व्होल्ट? मुले ६.६३ ला ३ ने गुणतात, १९.८९ येते, मग खाली १.६ आणि ५ मांडून लांबलचक भागाकाराला बसतात आणि दहाच्या घातांत चूक करतात. आता हेच उलट क्रमाने पाहा. आधी फक्त दहाचे घात. वर उणे ३४ आणि अधिक ८, म्हणजे उणे २६. खाली ५०० नॅनोमीटर म्हणजे ५ गुणिले दहाचा उणे ७ वा घात, आणि उणे १९. बेरीज उणे २६. वरचे-खालचे घात गेले. उरले काय? वर साधारण २०, खाली ५ गुणिले १.६ म्हणजे ८. वीस भागिले आठ, अडीच. काटेकोर उत्तर २.४९ आहे. पर्यायांत ०.२५, २.५, २५ आणि ४ असे आकडे असतील तर वीस सेकंदांत काम झाले. यात कसलीही युक्ती नाही, पाठ केलेली रीत नाही. मोठी गोष्ट आधी पाहिली, बारीक गोष्ट नंतर.

इथे माझे सहकारी मला अडवतील, आणि त्यांचा आक्षेप खरा आहे: ६.६३ च्या जागी जरा मोठा आकडा धरला तर उत्तर चुकले ना? चुकले. पण किती चुकले हे ठाऊक असते. ९.८ च्या जागी १० धरले तर २ टक्के. पायच्या वर्गाच्या जागी १० धरले तर सव्वा टक्क्याच्या किंचित वर. वायूचा स्थिरांक ८.३१४, त्याऐवजी पंचवीस तृतीयांश धरले तर पाव टक्क्याहून कमी. आणि तापमान ३०० असेल तर दोन्हींचा गुणाकार सरळ २,५०० येतो, खरा आकडा २,४९४. कधी चुका एकमेकींना पुसून टाकतात. दोन सेकंदांच्या लंबकाच्या लांबीत वर त्वरण आणि खाली पायचा वर्ग असतो. दोन्ही १० धरा, लांबी एक मीटर येते. काटेकोर उत्तर ०.९९३ मीटर. कुठल्या बाजूला किती सरकलो हे ज्याला कळते त्याने गणिताशी लबाडी केलेली नसते. पर्याय एकमेकांपासून पाच टक्क्यांहून जवळ असतील तर थांबून नीट करावे, नसतील तर पुढे जावे. हा निर्णय मुलाने घ्यायचा असतो आणि तो घेता येणे हाच भौतिकशास्त्राचा मोठा भाग आहे.

आपल्याच परंपरेत याला शब्द आहे. इ.स. ११५० च्या लीलावतीत भास्कराचार्यांनी वर्तुळाच्या परिघासाठी दोन गुणोत्तरे दिली: एक ३९२७ भागिले १२५०, दुसरे २२ भागिले ७. पहिले सूक्ष्म, दुसरे स्थूल. स्थूल असले तरी व्यवहाराला योग्य, असे त्यांनी स्वतःच म्हटले आहे. एवढ्या मोठ्या गणितज्ञाला स्थूल उत्तराची लाज वाटली नाही, आणि आम्ही मात्र मुलाच्या वहीत २.५ दिसले की लाल शाई काढून २.४८६ लिहायला लावतो. आमच्या गावात लोक म्हणतात, "ठोकळमानानं सांगा जी, किती होते?" प्रश्न विचारणाऱ्याला शेवटचा पैसा नको असतो, आकार हवा असतो. ठोकळमान हा शब्द मला वर्गात परत आणायचा आहे.

आता कॅलक्युलेटर दिला असे धरू. नीटची परीक्षा कागदावर आणि ओएमआरवर होते, बसणारी मुले २० लाखांहून अधिक. पडद्यावरचा कॅलक्युलेटर तिथे शक्यच नाही. यंत्र हातात द्यावे लागेल किंवा घरून आणू द्यावे लागेल. घरून आणायचे तर कोणते चालेल, कोणते नाही, त्यात काही साठवून ठेवले आहे का, हे प्रत्येक केंद्राच्या दारावर तपासायचे. ज्या परीक्षेत पेनसुद्धा घरचा चालत नाही, तिथे हे होईल का? जेईई आणि सीईटी संगणकावर होतात, तिथे पडद्यावर देता येईल. पण माऊसने एकेक अंक टिपत ६.६३ गुणिले ३ भागिले ८ करायला किती वेळ लागतो, हे एकदा स्वतः करून पाहावे. सराव असलेल्याचे काम लवकर होते, सराव नसलेल्याचे नाही. सराव कोणाला मिळेल? ज्याच्या घरी संगणक आहे त्याला, किंवा ज्याच्या क्लासमध्ये संगणकांची ओळ आहे त्याला. देवरीकडच्या वाडीतल्या मुलाला तो परीक्षेच्या दिवशीच मिळेल.

दुसरे म्हणजे कॅलक्युलेटर आला की प्रश्न आज आहेत तसे राहत नाहीत. आज प्रश्न काढणाऱ्याला आकडे सोसतील असे निवडावे लागतात: ५०० नॅनोमीटर, ३०० केल्विन, पृथ्वीची त्रिज्या ६,४०० किलोमीटर आणि उंची ३२ किलोमीटर. हा शेवटचा प्रश्न तर सुंदर आहे. उंची त्रिज्येच्या दोनशेव्या हिस्स्याइतकी, म्हणून गुरुत्वीय त्वरण एक टक्का कमी होते, झाले उत्तर. हातात यंत्र आले की ६,३७१ आणि ३१.७ येतील, आणि दोनशेव्या हिस्स्याची जाण असलेल्या मुलीचा फायदा तिथेच संपेल. पदवीनंतरच्या गेट परीक्षेत पडद्यावर कॅलक्युलेटर असतो आणि तिथली उत्तरे दोन-तीन दशांश स्थळांपर्यंत मागतात. अभियंत्यांसाठी ते योग्य असेल. सतरा वर्षांच्या मुलाला विज्ञान कळते का हे पाहायचे असेल तर साधे आकडे जास्त प्रामाणिक आहेत. अमेरिकेत वैद्यकीय प्रवेशासाठी एमसीएटी नावाची परीक्षा आहे. तिथे शाळाकॉलेजात कॅलक्युलेटर सर्रास वापरतात, पण या परीक्षेत तो देत नाहीत.

डॉक्टर कागदावर भागाकार करत नाहीत, हे वाक्य सभेत सर्वांना पटले, म्हणून त्यावर जरा थांबतो. ५०० मिलिलिटरचे सलाईन आठ तासांत द्यायचे आहे, सेट असा की एका मिलिलिटरला २० थेंब. एकूण दहा हजार थेंब, ४८० मिनिटे. मिनिटाला साधारण २१. रात्री दोन वाजता ग्रामीण रुग्णालयात ड्युटीवर असलेल्या मुलीने यंत्रावर एक शून्य जास्त दाबले तर ते २०८ दाखवील. यंत्र भांडत नाही. २०८ थेंब म्हणजे धारच, हे तिला स्वतःला वाटले पाहिजे. औषधाच्या मात्रेत दशांश चिन्ह सरकून होणारी दहापटीची चूक ही जगभरच्या रुग्णालयांची ओळखीची भीती आहे, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत. २०१६ पासून गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आमची मुले तिथे जावीत म्हणून आम्ही शिकवतो. उद्या तिथून बाहेर पडून ज्यांच्या हातात आमच्याच गावची लेकरे जातील, त्यांना एकवीस आणि दोनशे आठ यांतला फरक यंत्राविना कळावा, ही माझी अपेक्षा अवाजवी आहे का?

शहरातल्या झटपट रीतींबद्दल. ९७ ला ९६ ने कसे गुणावे, पाचाने संपणाऱ्या संख्येचा वर्ग कसा काढावा, असल्या रीती मीही पाहिल्या आहेत. भौतिकशास्त्राच्या पेपरात त्यांचे काम क्वचितच पडते. जे लागते ते फार थोडे आहे आणि फुकट आहे. २ चा लॉग ०.३०१, ३ चा ०.४७७, ७ चा ०.८४५, हे तीन पाठ असले की एक ते दहापर्यंतचे बाकीचे सगळे बेरीज-वजाबाकीने निघतात. रसायनशास्त्रातले पीएचचे प्रश्न तेवढ्यावर सुटतात. ५४ चे वर्गमूळ हवे असेल तर ४९ चे ७, वर उरलेल्या ५ ला १४ ने भागून ०.३६, म्हणजे ७.३६, खरे ७.३५. त्याने १२.२७ ला भागले की १.६७ अँगस्ट्रॉम, डेव्हिसन-जर्मरच्या प्रयोगातली इलेक्ट्रॉनची तरंगलांबी. १.६ ने भागायचे तर पाच अष्टमांशांनी गुणावे. आमच्या आजोबांच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी म्हटली होती. गावात अजून असे म्हातारे आहेत ज्यांना अडीचकी धडाधड येते. शाळेने ती सोडून दिली. तिची गरज मात्र भौतिकशास्त्राच्या प्रत्येक पानावर आहे.

भाषेचा मुद्दा सभेत कोणी काढला नाही, आणि मला तो सर्वांत दुखरा वाटतो. आमची बहुतेक मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात असतात, घरी पोवारी, झाडीबोली, गोंडी किंवा हिंदी बोलतात, आणि अकरावीत विज्ञान एकदम इंग्रजीत येते. पाढे मराठीत पाठ, वर्गात आकडा इंग्रजीत. 'सेव्हन्टी नाइन' ऐकले की मूल आधी एकोणऐंशीवर येते, मग पाढ्यात जाते, मग परत इंग्रजीत. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस ऐवजी 'वीस एक' अशी वाचनाची सोय दिली तेव्हा राज्यभर वाद झाला. मंगला नारळीकर यांच्या समितीवर टीका झाली, कौतुकही झाले. त्या वादात कोण बरोबर होते यात मी शिरत नाही. पण मुले आकड्यांवर कुठल्या भाषेत विचार करतात हा प्रश्न तिथे निदान विचारला गेला. अकरावीत तो कोणीच विचारत नाही. सीईटीचा भौतिक-रसायनचा पेपर मराठीत घेता येतो, गणिताचा फक्त इंग्रजीत. मी माझ्या मुलांना सांगतो: प्रश्न कुठल्याही भाषेत असो, हिशेब आपल्या पाढ्यांच्या भाषेत करा. ओठ हलले तरी चालतील.

माझ्या सहकाऱ्यांच्या काही तक्रारी मात्र मी जशाच्या तशा उचलून धरतो. काही प्रश्न खरोखर वाईट असतात. विज्ञानाचा एक टप्पा आणि आकडेमोडीचे सहा. पर्याय उगाच एकमेकांच्या अंगावर असतात. २०२५ च्या नीटचा भौतिकशास्त्राचा भाग लांबलचक होता, ही तक्रार केवळ आपल्या जिल्ह्याची नव्हती. ४५ मिनिटांत ४५ प्रश्न असा सरासरी हिशेब असताना असे प्रश्न घालणे अन्याय आहे, आणि तो शहरातल्या मुलावरही तितकाच आहे. मागणी करायचीच तर ती या जागी करू. स्थिरांक आणि लागणारे लॉग प्रश्नातच छापा. पर्यायांत पुरेसे अंतर ठेवा. बोर्डाने बारावीत दोन अंकी माहितीवर दोन अंकी उत्तराला पूर्ण गुण द्यावेत आणि तसे शिक्षकांना लेखी कळवावे. मंडळ आणि प्रवेश परीक्षा या दोन्हींचा आकडेमोडीचा नियम एकच असावा, म्हणजे मूल एप्रिलमध्ये अनाथ होणार नाही. या मागण्यांच्या निवेदनावर मी सर्वांत आधी सही करीन.

माझ्या सहकाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. अकरावीचे वर्ग सुरू होतील तेव्हा पहिल्या आठवड्यातला एक तास आपण दोघांनी मिळून घेऊ. पेन, वही, मोबाईल, लॉग टेबल, सगळे बाहेर ठेवून. कोणाच्या घरी किती कट्टे झाले ते मुलेच सांगतील, भाव आपण फळ्यावर लिहू, आणि रक्कम ठोकळमानाने किती, हे एकेकाने उठून सांगायचे. मग त्याच फळ्यावर, त्याच तासाला, ५०० नॅनोमीटरचा प्रश्न.